पाकिटावरून 'पौष्टिक' काढलं

ओट्सची कुकी पौष्टिक असते, असं मी मानत होते. नुसतं मानत नव्हते, तसं छापून विकत होते. डोंबिवलीत घरच्या घरी बेकिंगचा छोटा व्यवसाय करताना माझ्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या पाकिटावर हिरव्या अक्षरांत लिहिलेलं असायचं: 'पौष्टिक ओट्स कुकीज – कणीक, गूळ, सुका मेवा'. आज त्या पाकिटावर 'पौष्टिक' नाही. कुकी मात्र आहे, आणि पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त जीव ओतून मी ती करते. या दोन गोष्टी एकमेकींना कशा जोडलेल्या आहेत ते नीट सांगावं, म्हणून हे मनोगत.

आधी माझं जुनं मत काय होतं ते सांगते, कारण ते मनापासूनचं होतं. मैदा वाईट, पांढरी साखर वाईट, बेकरीतली वनस्पती चरबी तर त्याहून वाईट, हे मी माझ्या मुलांच्या लहानपणापासून धरून होते. या तिन्ही गोष्टी काढून टाकल्या की उरतं ते चांगलंच असणार, असा माझा साधा हिशोब होता. मैद्याच्या जागी कणीक घातली, साखरेच्या जागी कोल्हापुरी गूळ. निम्म्या लोण्याच्या जागी पिकलेलं केळं कुस्करून घातलं. आणि ओट्स. ओट्स तर डॉक्टरच खायला सांगतात. शाळेच्या डब्यासाठी खाऊ शोधणाऱ्या आया माझ्या पहिल्या गिऱ्हाईक. त्यांच्या चेहऱ्यावर जी निश्चिंती दिसायची, ती मला माझ्या कामाची पावती वाटायची.

चवीबद्दल मात्र मी फारसं बोलत नसे. कुकी मऊ, थोडी गिच्च, केळ्याच्या वासाची व्हायची. दुसऱ्या दिवशी ती कुकी न राहता केकचा दामटलेला तुकडा वाटायची. मुलं खायची, पण दुसरी मागायची नाहीत. पौष्टिक म्हटल्यावर चवीत थोडं कमीजास्त चालायचंच, असं मी गिऱ्हाइकांना सांगायचे आणि स्वतःलाही.

मत हललं ते आमच्याच सोसायटीतल्या एका आजोबांमुळे. त्यांना बरीच वर्षं मधुमेह आहे. जिन्यात भेटले, म्हणाले, "डॉक्टरांनी बिस्किटं बंद केली आहेत बघ. पण तुझ्या कुकीज आहेत म्हणून चहाबरोबर काहीतरी तोंडात टाकता येतं. ओट्स चालतात ना मला." किती खाता, असं विचारलं. "सकाळी दोन, संध्याकाळी दोन. जास्त नाही." सुनेने पाकीट वाचून खात्री करून घेतली होती, हेही त्यांनी कौतुकाने सांगितलं.

त्या रात्री मी वही आणि वजनकाटा घेऊन बसले. माझ्या एका घाण्यात १५० ग्रॅम ओट्स, १५० ग्रॅम कणीक आणि २०० ग्रॅम गूळ पडायचा, आणि त्याच्या २४ कुकीज व्हायच्या. म्हणजे एका कुकीत जेमतेम सव्वासहा ग्रॅम ओट्स आणि सव्वाआठ ग्रॅमच्या वर गूळ. आजोबा दिवसाला चार कुकीजमधून ३३ ग्रॅम गूळ खात होते, आणि त्याच्या मोबदल्यात त्यांच्या पोटात ओट्स जात होते २५ ग्रॅम. पाकिटावर गूळ हा शब्द होता, पण 'पौष्टिक ओट्स'च्या सावलीत तो कुणाला दिसत नव्हता.

ओट्सची कीर्ती ज्याच्यावर उभी आहे तो बीटा-ग्लुकॅन नावाचा तंतू. तो पाण्यात विरघळतो, आतड्यात चिकट जाडसर होतो आणि पित्तातली आम्लं स्वतःबरोबर बाहेर नेतो. मग नवं पित्त तयार करायला शरीर रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं. हे खरं आहे, तपासलेलं आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये ओट्सच्या पाकिटांवर हृदयविकाराबाबतचा दावा छापायला परवानगी दिली ती याच आधारावर. पण त्या परवानगीत एक आकडा आहे: दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकॅन, आणि तेही संपृक्त चरबी कमी असलेल्या आहारात. ओट्समध्ये हा तंतू साधारण चार टक्के असतो. म्हणजे दिवसाला ७५ ग्रॅम ओट्स. माझ्या कुकीजच्या भाषेत सांगायचं तर बारा कुकीज, आणि त्यांच्याबरोबर १०० ग्रॅम गूळ. हा हिशोब मी पुन्हा पुन्हा मांडून पाहिला. उत्तर तेच आलं.

गुळाबद्दलही बोलायलाच हवं, कारण आपल्याकडे गुळाला हात लावला की माणसं दुखावतात. मीही दुखावले असते. पण गूळ हा मुख्यतः साखरच आहे. त्यात लोह, पोटॅशियम, मॅग्नेशियम असतं हे खरं, पण जितका गूळ खाऊन ते पुरेसं मिळेल तितका गूळ कुणी खाऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वरून घातलेली सगळी साखर, मध आणि पाकसुद्धा धरून, रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत ठेवली तर अधिक चांगलं. दोन हजार कॅलरीच्या आहारात ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. मधुमेह असलेल्या माणसाला तर डॉक्टर याहून कडक सांगणार. आजोबा तेवढं फक्त माझ्या कुकीजमधून ओलांडत होते, आणि आपण पथ्य पाळतो आहोत या समजुतीत होते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले आणि हा हिशोब सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकलं. सून मात्र म्हणाली, "ताई, मग पाकिटावर तसं का लिहिता?" तिला देण्याजोगं उत्तर माझ्याकडे एकच होतं: आता लिहिणार नाही.

कायद्याने मला तसं करणं भाग होतं का? तर तसंही नाही, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या दावे आणि जाहिरात नियमांप्रमाणे १०० ग्रॅम पदार्थात ३ ग्रॅम तंतू असले की 'तंतूंचा स्रोत' असं म्हणता येतं. ओट्स, कणीक, खोबरं, अक्रोड यांची बेरीज केली तर माझी जुनी कुकी त्या रेषेच्या वर सहज जात होती. म्हणजे एक खरं वाक्य छापून दुसरं खरं वाक्य झाकता आलं असतं. बाजारात हेच चाललेलं आहे. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सांगितलं की दुधात घालायच्या गोड पावडरी 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली ठेवू नका, कारण कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी काही व्याख्याच नाही. ती बातमी वाचून तेव्हा मी मोठ्या कंपन्यांवर रागावले होते. माझं पाकीट त्याच रांगेत बसतं हे मला त्या वहीतल्या हिशोबाने दाखवलं.

मग प्रश्न उरला, कुकी बंद करायची का? काही दिवस मला तेच योग्य वाटत होतं. पण ओट्सच्या कुकीचा इतिहास वाचायला घेतला आणि मत दुसऱ्यांदा बदललं, या वेळी उलट्या दिशेने.

ही कुकी औषध म्हणून जन्माला आलेलीच नाही. फॅनी फार्मर यांच्या बॉस्टनच्या पाकशाळेच्या १८९६ च्या पुस्तकात ती आहे. १९०८ मध्ये क्वेकर कंपनीने आपल्या ओट्सच्या डब्यावर तिची कृती छापली. तिथून ती अमेरिकेतल्या घराघरांत गेली, दुधाच्या पेल्याबरोबर खायची गोड वस्तू म्हणून. कोलेस्टेरॉलचा नि तिचा संबंध लागला तो कितीतरी नंतर, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, जेव्हा अमेरिकेत ओट्सच्या कोंड्याचं वेड आलं. तोवर दोन-तीन पिढ्यांनी ती फक्त चांगली लागते म्हणून खाल्ली होती.

आणि मग मला टेक्सासची काऊबॉय कुकी भेटली. तिची गोष्ट थोडी राजकारणातली आहे. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या 'फॅमिली सर्कल' मासिकाने राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या पत्नींमध्ये कुकीजची स्पर्धा सुरू केली. बायकांच्या कर्तृत्वाचं माप कुकीजने काढावं हे मला आजही पटत नाही. पण वाचकांनी घरोघरी करून पाहून मतं दिली, हे खरं. पहिल्या वर्षी हिलरी क्लिंटन यांची कुकी जिंकली, तिच्यात चॉकलेटबरोबर ओट्स होते. २००० मध्ये लॉरा बुश यांनी टेक्सासची काऊबॉय कुकी पाठवली आणि टिपर गोर यांच्या आल्याच्या कुकीवर मात केली. त्या कृतीत ३ कप मैदा, ३ कप ओट्स, ३ कप चॉकलेटचे दाणे, २ कप खोबरं, २ कप पिकॅन, दीड कप लोणी, दोन्ही प्रकारची मिळून ३ कप साखर, ३ अंडी आणि वर एक मोठा चमचा दालचिनी. पिकॅन हे अक्रोडाच्या जातकुळीतलं, पण त्याहून गोडसर फळ. टेक्सासने १९१९ मध्ये त्याच्या झाडाला राज्यवृक्ष केलं, म्हणजे तिथल्या माणसाला ते कोकणातल्या माणसाच्या नारळाइतकं जवळचं असणार.

या कृतीवर मी वजनकाट्याचा तोच प्रयोग केला. तिच्या ३६ मोठ्या कुकीज होतात. एकेका कुकीत ओट्स साडेसात ग्रॅम, लोणी ९ ग्रॅमच्या वर. साखर साडेसतरा ग्रॅम, आणि चॉकलेटमधली व गोड खोबऱ्यातली साखर धरली की २५ ग्रॅमच्या घरात. तीनशेच्या वर कॅलरी. दिवसभराची साखर एका कुकीत. पण या कुकीने कधीच दुसरं काही असल्याचा आव आणलेला नाही. तिच्या नावात आरोग्य नाही. घोड्यावर दिवस काढणाऱ्या माणसाच्या नावाची, भरभक्कम, पोटाला आधार देणारी गोड वस्तू, एवढंच ती सांगते. मी पहिल्यांदा ती माप न बदलता केली, एक खाल्ली, आणि मला कळलं की इतकी वर्षं मी ओट्सची खरी चव चाखलीच नव्हती.

ओट्स आपल्याकडे माणसाचं धान्य नव्हतं. महाराष्ट्रात रब्बीत ओट पेरतात ते जनावरांच्या हिरव्या चाऱ्यासाठी. 'केंट' हे वाण दुभत्या जनावरांच्या मालकांना चांगलं माहीत आहे. आपल्या डब्यातले रोल्ड ओट्स करण्याची रीत मात्र आपल्याला अनोळखी वाटू नये, ती पोह्यांची सख्खी चुलत बहीण आहे. टरफल काढलेला दाणा वाफवतात, रुळांमधून चपटा करतात, वाळवतात. वाफवावं लागतं याला कारण आहे. ओट्समध्ये स्निग्धांश गव्हापेक्षा बराच जास्त असतो, आणि दाण्यातलं एक विकर तो लवकर खवट करतं. वाफेने ते विकर निकामी होतं. पण याच स्निग्धांशामुळे ओट्स भाजले की त्यांना जो शेंगदाण्याच्या जवळ जाणारा वास येतो, तो गव्हाच्या कोंड्याला येत नाही.

मी पूर्वी ओट्स कधी भाजलेच नव्हते. पाकिटातून काढायचे आणि पिठात टाकायचे. ते तिथे गुणासाठी होते, आणि गुणासाठी घातलेल्या जिनसाची कुणी मनधरणी करत नाही. आता एक चमचा लोण्यावर मंद आचेवर, सोनेरी होईपर्यंत, सात-आठ मिनिटं भाजते. घरभर वास सुटतो. हा एवढा एक फरक केला तरी कुकी दुसरीच होते. ओट्स कुठले घ्यायचे तेही सांगते: जाड रोल्ड ओट्स. तीन मिनिटांत शिजणारे बारीक ओट्स पिठात विरघळतात आणि चावायला काही उरत नाही.

खोबऱ्याचंही तसंच. अमेरिकेत साखरेत घोळवलेला, ओलसर खोबऱ्याचा चुरा वापरतात. आपल्याकडे सुक्या खोबऱ्याची वाटी आहे, ती किसायची आणि नुसत्या कढईत तांबूस करायची. बाजारातल्या पांढऱ्या डेसिकेटेड चुऱ्यापेक्षा याला तेल जास्त, वास जास्त. मात्र वाटी आधी चाखून बघा. पावसाळ्यात खोबरं खवट झालेलं असतं, आणि खवटपणा चॉकलेटखाली लपत नाही, उलट वर येतो. अक्रोडाची तीच परीक्षा. पिकॅन इथे महाग आणि बहुधा शिळे मिळतात, म्हणून मी काश्मिरी अक्रोड वापरते. काजू या कुकीत मला पटत नाही, तो फार मऊ आणि फार गोड, बाकीच्यांत हरवतो. भाजलेले शेंगदाणे अक्रोडापेक्षा कितीतरी कमी किमतीत छान काम करतात आणि ते घालताना कुणी संकोच करू नये.

चॉकलेटवर मी सगळ्यात जास्त भांडते. दुकानात 'डार्क कंपाउंड'चे दाणे स्वस्त मिळतात, आणि घरगुती बेकिंगमध्ये बहुतेक जणी तेच वापरतात. कंपाउंडमध्ये कोकोच्या लोण्याऐवजी दुसरी वनस्पती चरबी असते. कोकोचं लोणी साधारण ३४ अंशांना, म्हणजे तोंडातल्या उबेच्याही आत वितळतं. म्हणून खरं चॉकलेट जिभेवर विरतं, आणि कंपाउंड बरेचदा टाळूला मेणासारखा थर धरतं. खरं चॉकलेट महाग आहे, मान्य. मग कमी घाला, पण खरं घाला. पन्नास-पंचावन्न टक्के कोकोची वडी सुरीने जाडीभरडी चिरायची. मोठे तुकडे डबकी धरतात, बारीक भुगा पिठात पसरतो, दोन्ही हवे असतात.

राहिले लोणी आणि साखर, ज्यांच्यापासून मी इतकी वर्षं पळत होते. साखर कुकीत फक्त गोडी देत नाही. ती वितळते म्हणून कुकी पसरते, पाणी धरून ठेवते म्हणून मधला भाग मऊ राहतो, आणि भाजताना कडेला जो तांबूस रंग नि वास येतो त्यातही तिचा वाटा असतो. पाव हिस्सा साखर कमी केली तर कुकी सहन करते. निम्मी केली तर कोरडा गोळा होतो. लोणी फेसताना त्यात हवा अडकते, तीच पुढे कुकी हलकी करते. केळ्याला ते जमत नाही. गूळ मी अजूनही घालते, बारीक किसून, ब्राउन शुगरच्या जागी, आणि आता तो चवीसाठी घालते. त्याच्या खमंग, किंचित खारट चवीला कारखान्याच्या ब्राउन शुगरची सर नाही. गूळ ओलावाही चांगला धरतो.

घरी करायची असेल तर माझं आजचं माप असं आहे. ११५ ग्रॅम मऊ लोणी, ७० ग्रॅम साखर आणि १०० ग्रॅम गूळ फेसून घ्या. एक अंडं फेटा. १२५ ग्रॅम मैदा, अर्धा चहाचा चमचा खायचा सोडा, तितकीच बेकिंग पावडर, पाव चमचा मीठ आणि अर्धा चमचा दालचिनी चाळून मिसळा. मग भाजलेले ९० ग्रॅम ओट्स, ५० ग्रॅम खोबरं, ७५ ग्रॅम अक्रोड, १२० ग्रॅम चॉकलेट. लोणी खारं असेल तर मीठ वगळा. मैद्याऐवजी कणीक चालते, कुकी थोडी जडसर होते, काहींना तीच आवडते.

यानंतर घाई करू नका. हा गोळा फ्रिजमध्ये किमान तासभर, जमलं तर रात्रभर ठेवायचा. ओट्स आणि खोबरं अंड्यातलं पाणी हळूहळू पितात, आणि आपल्या हवेत सैल झालेलं लोणी पुन्हा घट्ट होतं. मुंबईच्या बाजूच्या उन्हाळ्यात ही पायरी टाळली तर ट्रेमध्ये २४ कुकीज न होता एक मोठं पापुद्र्यासारखं पान तयार होतं. लिंबाएवढे गोळे, एकमेकांपासून लांब, १७५ अंशांवर बारा-तेरा मिनिटं. कडा तांबूस झाल्या आणि मधे अजून कच्चं वाटतंय, त्या क्षणी बाहेर काढा. भीती वाटेल, तरी काढा. गरम ट्रेवर पाच-दहा मिनिटांत मधला भाग आपोआप बसतो. ओव्हनमध्येच पूर्ण कडक होऊ दिलेली कुकी गार झाल्यावर दगड होते.

अंडं न खाणाऱ्यांसाठी मी वेगळी वाट धरते, ती ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या अँझॅक बिस्किटाची. ओट्स, खोबरं, मैदा, साखर, आणि लोण्याबरोबर वितळवलेला गोल्डन सिरप, त्यात गरम पाण्यातला सोडा. अंडं मुळातच नाही. गोल्डन सिरपच्या जागी आपली काकवी इतकी चपखल बसते की ती मला तिथलीच वाटते. १९१५ च्या गॅलिपोलीच्या लढाईत लढलेल्या सैनिकांच्या नावाने हे बिस्किट ओळखलं जातं, आणि ऑस्ट्रेलियात 'अँझॅक' या नावाच्या वापराला १९२१ पासून कायद्याचं संरक्षण आहे. बिस्किटाला ते नाव द्यायचं तर पारंपरिक कृतीपासून फार दूर जाता येत नाही, आणि त्याला 'कुकी'ही म्हणता येत नाही. म्हणून मी त्यात चॉकलेट घालते तेव्हा ते नाव वापरत नाही. पाकिटावरच्या नावाची कुणीतरी इतकी काळजी घेतं, याचं मला समाधान वाटतं.

'पौष्टिक' काढल्यावर विक्री उतरली. डब्यासाठी नेणाऱ्या काही जणी दुसरीकडे गेल्या. एका जुन्या गिऱ्हाइकाने मला काळजीनेच सांगितलं, "ताई, तुम्ही नाही लिहिलं तर दुसरी कुणी लिहील, आणि लोक तिच्याकडून घेतील." तसंच झालं आहे, काही अंशी. पण जे राहिले ते आता चवीसाठी घेतात, आणि कमी खातात. नव्या कुकीत गूळ, साखर आणि चॉकलेटमधली साखर धरून साडेनऊ ग्रॅम गोड आहे. जुन्या कुकीत सव्वाआठ ग्रॅम गूळ होता. फरक फार नाही. फरक खाणाऱ्याच्या मनात आहे: गोड आहे हे माहीत असलं की माणूस एकीवर थांबतो, पौष्टिक आहे असं सांगितलं की चार खातो.

आया मला अजून विचारतात, मुलांना द्यावी का. द्या की. वाढदिवसाला, शनिवारी, पावसात भिजून आल्यावर. हरिश्चंद्रगडाला निघालेल्या पोरांच्या पिशवीत तर जरूर द्या. चढावर दमलेल्या अंगाला साखर, लोणी, अक्रोड यांचंच काम असतं आणि ही कुकी तिथे शोभते. रोजच्या डब्यात मात्र नको. ओट्सचा गुण हवा असेल तर ओट्सचा भाज्या घातलेला उपमा करा, थालीपिठाच्या भाजणीत मूठभर दळून घाला. त्याहीपेक्षा ज्वारीची भाकरी खा, नाचणीचं आंबील प्या. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यापासून नाचणीच्या बिस्किटांचीही बाजारात रांग लागली आहे. त्यांच्या पाकिटाची मागची बाजू वाचा. घटकांच्या यादीत जे जास्त ते आधी लिहावं लागतं. नाचणीच्या आधी साखर आणि तेल आलं असेल तर ते गोड बिस्किट आहे, नाचणीचं नाही.

घरून बेकिंग करणाऱ्या माझ्या मैत्रिणींना माझी एक विनंती आहे. आपल्याकडे प्रयोगशाळा नाही, पण वजनकाटा प्रत्येकीकडे आहे. घाण्यात गूळ, साखर, मध, खजूर किती ग्रॅम पडला ते लिहा, चॉकलेटच्या वेष्टनावरून त्यातली साखर मोजा, कुकीजच्या संख्येने भागा आणि तो आकडा पाकिटाच्या पुढच्या बाजूला, नावाखाली, ठळक छापा. मधुमेही माणसाने विचारलं तर तोच आकडा सांगा आणि डॉक्टरांकडे पाठवा. माझ्या आठ कुकीजच्या पाकिटावर आता लिहिलेलं असतं: 'ओट्स, खोबरं, अक्रोड आणि चॉकलेटची गोड कुकी. या पाकिटात ७६ ग्रॅम साखर आहे.'